समेवर येतें का?

मनुष्याच्या कानास ठेक्याची फार हौस. दोन टिचक्या सारख्या अंतरानें वाजल्या कीं तिसरी केव्हां वाजेल हें तो आधींच ठरवून ठेवतो, आणि ती तशी वाजली नाहीं तर चूक वाजविणाराची मानतो! माझ्या आजोबांना ही हौस इतरांहून अंमळ अधिकच होती. तिच्यामुळें आमच्या घरांत पुष्कळ आनंद झाला आणि एकदां मोठें नुकसानही झालें. त्या दोहोंची हकीकत येथें सांगावयाची आहे.

आजोबांची सारी नोकरी कल्याण जंक्शनवर, सिग्नलच्या केबिनींत झाली. निवृत्त झाल्यावर त्यांच्यापाशीं एक जुनें मनगटी घड्याळ, तबल्याची जोडी आणि रिकामा वेळ एवढें उरलें. आमचें घर जुन्या कल्याणांत, खाडीपासून फार दूर नव्हतें. रात्रीं दिवे मालवले कीं ते आम्हां भावंडांना एक खेळ खेळावयास लावीत. अंथरुणावर पडल्यापडल्या डोळे मिटावयाचे, कानीं येईल तो आवाज धरून ठेवावयाचा, आणि तो "समेवर येतो कीं नाहीं" तें सांगावयाचें. ज्यांस गाण्याबजावण्याचा परिचय नाहीं त्यांच्यासाठीं सांगितलें पाहिजे कीं, तालाच्या पहिल्या मात्रेस सम म्हणतात. तबलजी कितीही फिरून आला तरी ठरलेल्या मात्रा संपतांच त्यास समेवर यावें लागतें, आणि एका समेपासून दुसरीपर्यंतच्या फेऱ्यास आवर्तन म्हणतात. पुढें शाळेच्या पुस्तकांत 'आवर्ती' आणि 'अनावर्ती' हे शब्द भेटले तेव्हां ते मला मुळींच परके वाटले नाहींत.

भिंतीवरचें घड्याळ ओळखणें सोपें होतें. मोरींतल्या गळक्या नळाविषयीं माझी धाकटी बहीण खात्रीनें म्हणे, "येतो!" आजोबा म्हणत, "शंभर थेंब मोज, मग सांग." शंभराच्या जवळ जातां जातां थेंबांमधलें अंतर वाढलेलें असे, कारण वरची टांकी रिकामी होत आलेली असे. खरा वाद माजे तो आगगाड्यांवरून. बहिणीचें म्हणणें असें कीं, एक गाडी गेल्यावर दुसरी चार मिनिटांनीं येते, तिसरी अकरा मिनिटांनीं, मध्येंच एखादी मालगाडी धडधडत जाते. तेव्हां गाड्या समेवर येत नाहींत. आजोबांनीं दुसऱ्या दिवशीं तिला तबल्यापाशीं बसवून झपताल वाजवून दाखविला. हा ताल दहा मात्रांचा. त्याचे तुकडे दोन, तीन, दोन, तीन असे असमान पडतात. "आंत असमान आहे म्हणून हा समेवर येत नाहीं कीं काय? आज रात्रीं कालच्याच वेळेस ऐक."

तिनें वहींत वेळा टिपल्या. उशीर सोडून दिला तर लोकलगाड्या जुळल्या. मालगाडी जुळली नाहीं. पुढें रविवार आला आणि सारेंच बिघडलें, कारण त्या दिवशींचें वेळापत्रक निराळें. तेव्हां गाड्यांचें आवर्तन दिवसाचें नसून आठवड्याचें, असा निकाल लागला. १६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास पहिली गाडी आली, आणि १ मे १८५४ रोजीं ती कल्याणपर्यंत येऊं लागली. तेव्हांपासून आमच्या गांवांचें उठणें-जेवणें-निजणें या तालावर बांधलें गेलें आहे. डोंबिवलीच्या माणसास घड्याळ न पाहतां नुसत्या गाडीच्या आवाजावरून वेळ सांगतांना मीं पाहिलें आहे.

आजोबांची कसोटी कोणासही कळेल अशी होती. एखाद्या गोष्टीचा आलेख काढावा, त्याची दुसरी प्रत करावी आणि ती पहिलीवरून पुढें सरकवीत न्यावी. कोठें तरी ती पहिलीवर केसभरही फरक न राहतां बसली, आणि पुढें कितीही पाहिलें तरी बसूनच राहिली, तर ती गोष्ट समेवर येते. जितकें कमींत कमी सरकवावें लागलें तितका तिचा आवर्तनकाल. आंत काय चाललें आहे, सारखें आहे कीं वेडेंवांकडें, याचा या कसोटीशीं संबंध नाहीं. ही कसोटी आम्हीं खाडीला लाविली तेव्हां मात्र आम्ही दोघेही चकित झालों.

खाडीच्या घाटाच्या पायऱ्यांवर आजोबांनीं खुणा केल्या होत्या. रोज सकाळ-संध्याकाळ पाणी कोणत्या खुणेस आहे तें ते घड्याळ पाहून वहींत लिहीत. अशा त्यांच्या बारा वह्या झाल्या होत्या. भरतीचा ठोकळ हिशेब आमच्याकडील कोळ्यांच्या तोंडीं आहेच: तिथीचा आंकडा पाऊणपट करावा, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीस सहा वाजतां. याचें कारण असें कीं, चंद्र दररोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरा माथ्यावर येतो, आणि भरतीही तितकीच मागें सरते. लागोपाठच्या दोन भरत्यांत सुमारें १२ तास २५ मिनिटांचें अंतर पडतें. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या सुमारास भांग. जाळें टाकण्यापुरता हा हिशेब पुरतो. आजोबांना तो पुरत नसे.

एका दिवाळीच्या सुटींत आम्हीं वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा व उंची घेतल्या आणि दोन महिन्यांचा आलेख बटरपेपरच्या लांब पट्टीवर काढला. तशीच दुसरी पट्टी करून दोन्ही खिडकीच्या कांचेवर धरल्या. मी दुसरी पट्टी सरकवूं लागलों. साडेबारा तासांच्या जरा अलीकडे शिखरें शिखरांपाशीं आलीं, पण एक उंच तर दुसरें बुटकें. कारण आमच्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या नसतात. जवळजवळ पंचवीस तासांवर त्याहून बरें जुळलें. पुढें पंधरा दिवसांजवळ उधाण उधाणावर आणि भांग भांगावर आला. मला वाटलें, सांपडलें! पण आजोबांनीं चष्मा कपाळावर ढकलून पट्टीला नाक लाविलें आणि म्हणाले, "काठोकाठ नाहीं." आणखी पंधरा दिवस सरकविलें. काठोकाठ नाहींच.

हें असें कां होतें तें मला फार मागाहून समजलें, तरी सांगावयास सोपें आहे. एक घंटा दर तीन सेकंदांनीं आणि दुसरी दर चार सेकंदांनीं वाजत असेल तर दोन्ही दर बारा सेकंदांनीं एकदम वाजतील. शाळेंत आपण ज्यास लसावि म्हणतों तोच या जोडीचा आवर्तनकाल. परंतु एका घंटेचा काळ चौरसाच्या बाजूएवढा आणि दुसरीचा त्याच चौरसाच्या कर्णाएवढा असला तर? बाजू आणि कर्ण या दोहोंस पूर्णांकानें मोजील असें एकही माप नाहीं. म्हणून त्या घंटा एकदां एकदम वाजल्या तर पुन्हां जन्मांत एकदम वाजावयाच्या नाहींत. प्रत्येक घंटा आवर्ती, पण दोघींची बेरीज अनावर्ती! खाडींत तर दोनच घंटा नाहींत. सूर्याची ओढ बारा तासांची, चंद्राची १२ तास २५ मिनिटांची. चंद्र जवळ येतो आणि दूर जातो तो फेरा सुमारें साडेसत्तावीस दिवसांचा. त्याच्या मार्गाचा कल बदलतो तो फेरा सुमारें १८.६ वर्षांचा. या सर्वांना एकत्र मोजणारें लहानसें माप निसर्गानें ठेविलेलें नाहीं.

आणि तरीही भरती आगाऊ सांगतां येते, हें विसरून चालणार नाहीं. १८७९ सालीं हिंदुस्थानच्या बंदरांसाठीं लंडनमध्यें एक यंत्र बनविण्यांत आलें. त्यांत प्रत्येक फेऱ्यासाठीं एक एक चाक होतें. सर्व चाकांवरून एकच दोरी नेलेली असे, आणि चाकें फिरूं लागलीं कीं दोरीच्या टोकाची लेखणी पुढील वर्षाची भरती-ओहोटी कागदावर काढी. समेवर कधींच न येणारी गोष्टही, तिच्यांतले ठेके निरनिराळे ओळखले तर, अशी हाताशीं येते. आजोबांना हें यंत्र मीं चित्रांत दाखविलें तेव्हां ते बराच वेळ कांहीं बोलले नाहींत. मग म्हणाले, "पावसाचें असें चाक कोणीं केलें आहे का?"

हें त्यांनीं विचारलें तें २६ जुलै २००५ नंतर. त्या दिवसाकडे आतां यावें लागत आहे.

तो मंगळवार होता. मी आठवींत होतों. दुपारपासून पाऊस असा लागला कीं समोरचें घर दिसेना. मुंबईस त्या दुपारीं तीनच्या सुमारास ४.४८ मीटरची भरती होती. खाडीनें वर कल्याणास ती कांहीं वेळानें पोंचते. पावसाळ्यांतल्या मोठ्या भरतीस आमच्या अंगणांत पाणी येणें नित्याचें होतें. तें यावयाचें, घोट्यापर्यंत थांबावयाचें, आणि ओहोटी लागतांच निघून जावयाचें. त्या संध्याकाळीं पाणी आलें तेव्हां आजोबांनीं वही काढली, घड्याळ पाहिलें आणि निर्धास्तपणें सांगितलें, "ओहोटी लागली आहे. नऊपर्यंत उतरेल."

शेजारच्या खोलींत शिवणकाम करून दोन मुलांना वाढविणाऱ्या एक बाई राहत. सगळा वाडा त्यांना ताई म्हणे. गणपतीचे दिवस जवळ येत होते. गिऱ्हाइकांचें कापड त्यांच्याकडे गठ्ठ्यांनीं पडलें होतें. त्या दारांत येऊन म्हणाल्या, "अण्णा, गठ्ठे वरच्या मजल्यावर हलवूं का?" आजोबा म्हणाले, "नको ताई, उगाच दमाल. नऊपर्यंत उतरेल." वाड्यांत खाडीच्या बाबतींत आजोबांच्या शब्दापुढें कोणी दुसरा शब्द काढीत नसे. ताईंनीं गठ्ठे कॉटवर ठेविले आणि मुलांना निजविलें.

नऊ वाजतां पाणी उंबऱ्यावर आलें. साडेनऊस वीज गेली. दहा वाजतां तें माझ्या गुडघ्याला लागलें, आणि मग वरच्या बिऱ्हाडकरूंनीं अंधारांत हांका मारीत, हात धरून, आम्हां सर्वांना जिन्यानें वर ओढून घेतलें. मुलें वांचलीं, म्हातारीं वांचलीं. सामान कोणाचेंच वांचलें नाहीं. आजोबा रात्रभर जिन्याच्या वरच्या पायरीवर विजेरी घेऊन बसले होते. ते दर अर्ध्या तासानें भिंतीवर खडूनें रेघ ओढीत. प्रत्येक रेघ आधीच्या रेघेच्या वर होती.

तें पाणी खाडीचें नव्हतें. उल्हास नदीचें होतें आणि आभाळाचें होतें. त्या चोवीस तासांत सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, आणि त्याच शहराच्या दुसऱ्या टोकास, कुलाब्यास, अवघा ७३ मिलिमीटर! पावसाळा दरवर्षीं येतो म्हणून आपण त्यास ठेक्याचा मानतों; पण कोणत्या दिवशीं, कोणत्या गांवावर, किती, याला सम नाहीं. खाडीचा ठेका त्या रात्रींही आपल्या वेळेवर चालूच होता. त्याच्यावर दुसरें कांहीं वाजत होतें, आणि ऐकणारानें तें ठेक्यांतच धरलें.

दुसऱ्या दिवशीं पाणी ओसरल्यावर ताईंनीं गठ्ठे उचलले. चिखलाचें कापड पुन्हां कापड होत नाहीं. त्यांनीं आजोबांना एक शब्दही बोलून दाखविला नाहीं, आणि तेंच आजोबांना सोसलें नाहीं. पुढील महिन्यापासून ते पेन्शनीतील कांहीं रक्कम पाकिटांत घालून त्यांच्याकडे नेऊं लागले. ताईंनीं दोनदां पाकीट परत केलें, तिसऱ्यांदा घेतलें. कोणीं विचारलें नसतांही आजोबा म्हणत, "मीं सांगितलें म्हणून राहिलें." पलंगाखालच्या ट्रंकेतील अकरा वह्यांची शाई एकमेकींत उतरली. फळीवरची चालू वही तेवढी राहिली. तिच्या त्या तारखेच्या पानावर नऊचा अंदाज लिहिलेला आहे आणि त्याखालीं निराळ्या शाईनें दोन वाक्यें आहेत: "पाणी खाडीचें समजलों. नदीचें होतें."

त्यानंतर कित्येक महिने आमचा रात्रींचा खेळ बंद होता. तो पुन्हां सुरू झाला तो मी ठाण्यास महाविद्यालयांत जाऊं लागल्यावर, आणि या वेळीं गोष्ट मीं आणिली होती. टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या गोविंद स्वरूप यांनीं १९६५ मध्यें आमच्याच कल्याणांत, ऑस्ट्रेलियाहून आलेल्या सुमारें सहा सहा फुटी ३२ तबकड्या उभारून सूर्याकडून येणाऱ्या रेडिओ-लहरी ऐकण्यास आरंभ केला होता, हें मला तेव्हांच प्रथम कळलें. आजोबा म्हणाले, "लांबून पाहिल्या होत्या. कशाच्या म्हणून कधीं विचारलें नाहीं." सूर्याचा आवाज समेवर येतो का, हा त्यांचा पुढचा प्रश्न. फिरणाऱ्या सूर्याचे डाग साधारण सत्तावीस दिवसांनीं पुन्हां समोर येतात खरे, पण त्याचे उद्रेक अवचित होतात. तो भुंकणाऱ्या कुत्र्याच्याच वर्गांतला, असें मीं सांगितलें तेव्हां ते कितीतरी दिवसांनीं हंसले.

मग मीं त्यांना केंब्रिजच्या जॉसलिन बेल या विद्यार्थिनीची गोष्ट सांगितली. १९६७ सालीं आकाशांतील लहरींच्या लांबलचक आलेखांत तिला एक बारीकशी खरवड दिसली. ती रोज दिसे, पण रोज चार मिनिटें आधीं. माणसाचें काम असतें तर ती चोवीस तासांनीं आली असती. तारे मात्र २३ तास ५६ मिनिटांनीं फिरून येतात. तेव्हां ही खूण ताऱ्यांची. कागद जलद सोडून पाहिलें तर तींत १.३३ सेकंदांच्या अंतरानें ठोके, इतके नेमके कीं परग्रहावरचे कोणी बोलत आहेत कीं काय अशी थट्टाही झाली. तो स्वतःभोंवतीं फिरणारा मृत तारा निघाला. आज नारायणगांवाजवळ खोडद येथील ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांनीं असे तारे ऐकतां येतात. पुष्कळदां त्यांचा एक एक ठोका गोंगाटांत पार बुडालेला असतो. तेव्हां शास्त्रज्ञ लांब नोंदीचे आवर्तनकालाएवढे तुकडे करून एकावर एक रचतात. गोंगाटाचे चढ-उतार एकमेकांस खाऊन टाकतात, ठोका ठोक्यावर पडत जातो आणि हळूहळू वर येतो. काळ चुकीचा धरला तर कांहींच वर येत नाहीं.

"म्हणजे पट्टी सरकविणेंच," आजोबा म्हणाले.

पुढें एके दिवशीं घाटाच्या पायऱ्या उतरतांना मीं त्यांचें मनगट धरलें होतें. बोटांखालीं नाडी लागली आणि खेळाची संवय म्हणून मी ऐकूं लागलों. दोन ठोके जवळ, मग एक लांब, मग तीन घाईघाईनें, मग एक इतका हलका कीं आला कीं नाहीं कळेना. झपताल असेल म्हणून मीं पुष्कळ वेळ वाट पाहिली. सम येईना. आजोबा रागावले. ते स्वतः रोज सकाळीं मिनिटाचे ठोके मोजीत, आणि ते अठ्ठ्याहत्तर-ऐशींच्या घरांत येत. यांत भिण्यासारखें काय आहे?

डोंबिवलीच्या ज्या डॉक्टरांकडे आम्ही गेलों त्यांनीं हृदयाचा विद्युत्-आलेख काढला. मग त्यांनीं एक कोरा कागदाचा तुकडा घेतला, तो पट्टीच्या कडेस लावून उंच टोकांपाशीं पेन्सिलीनें चार खुणा केल्या, आणि तुकडा पुढें सरकविला. पहिली खूण टोकावर बसली. दुसरी बसली नाहीं. आणखी पुढें, पुन्हां तेंच. आजोबा खुर्चीवरून पुढें वांकले होते. डॉक्टर काय करीत आहेत तें त्या खोलींत त्यांच्याइतकें कोणालाच समजलें नसेल. डॉक्टर म्हणाले, कांहीं माणसांचा दर तिसरा ठोका लवकर पडतो. तेथें खुणा तीन-तीन करून जुळतात आणि बहुधा त्याचें विशेष भय नसतें. येथें कशानेंच जुळत नाहींत. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांचा ठेका सुटला आहे, ते नुसते थरथरत आहेत; रक्त तेथें सांचून त्याची गुठळी झाली आणि ती मेंदूकडे गेली तर अर्धांग व्हावयास वेळ लागत नाहीं. त्यांनीं रक्त गोठूं न देणारें औषध लिहून दिलें. त्या औषधावर आजोबा पुढें आठ वर्षें आमच्यांत होते.

निघतांना त्यांनीं डॉक्टरांपाशीं तो पेन्सिलीच्या खुणांचा तुकडा मागितला. डॉक्टरांनीं हंसून दिला. परतीच्या लोकलमध्यें त्यांस खिडकीची जागा मिळाली. तुकडा खिशांत नीट ठेवून त्यांनीं उजव्या हाताचीं बोटें डाव्या मनगटावर ठेविलीं. "इतकीं वर्षें मोजलें," ते म्हणाले, "सरकवून पाहिलें नाहीं." ठाकुर्ली येईपर्यंत बोटें तशींच होतीं. मग घड्याळांत पाहून त्यांनीं मला विचारलें, आज ओहोटी किती वाजतां आहे, आणि वर कर्जतकडे पाऊस आहे का.